ड्रायव्हरच्या खुर्चीवरची टोपी

आमचे नॅशव्हिलचे घरमालक घरात टोपी घालायचे आणि बाहेर बोडक्यानं जायचे. ऊन असो, पाऊस असो, चर्चला जायचं असो की किराणा आणायला, टक्कल चमकवत निघायचे. परत आले की पहिलं काम म्हणजे दारातल्या खुर्चीवरची टोपी उचलून डोक्यावर ठेवणं. चांगली रुंद काठाची, राखाडी टोपी होती. माझ्या बायकोला वाटलं, म्हातारा विसरभोळा आहे. मला वाटलं, टोपी महागाची असेल, जपत असतील. आम्ही दोघंही चुकलो होतो.

त्या घराचा वरचा मजला आम्हाला मिळाला त्याचीही एक गंमत आहे. इस्पितळांच्या बिलांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत मला नोकरी लागली होती आणि आम्ही घर शोधत होतो. बाकीच्या घरमालकांनी क्रेडिट स्कोअर विचारला. यांनी विचारलं, "तुम्हाला कधी कुणी मागे सोडून गेलंय का?"

मी विचारात पडलो. बायको म्हणाली, "हा मला दर वीकेंडला मॉलमध्ये सोडून पुढे जातो."

"बाईला नियम कळेल," ते माझ्याकडे बघून म्हणाले आणि त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली.

नियम असा होता. पुढच्या दाराच्या आत, चपला-बूट काढायच्या जागेवर, बसच्या ड्रायव्हरची एक खरीखुरी खुर्ची जमिनीला बोल्ट मारून बसवलेली होती. काळं रेक्झिन, पुढे थोडी उतरती. भंगारवाल्याकडून आणलेली. घरातून जो कुणी बाहेर जाईल त्यानं आपली एक वस्तू त्या खुर्चीवर ठेवायची आणि परत आला की उचलायची. संध्याकाळी दाराला कडी लावण्याआधी घरमालक खुर्चीकडे बघायचे. खुर्ची रिकामी असेल तरच कडी. मी माझं बंद पडलेलं घड्याळ ठेवायचो, बायको केसांची क्लिप. ते स्वतः टोपी ठेवायचे.

हा नियम बसमधून आला होता. घरमालकांचं सगळं तारुण्य कंट्री संगीताच्या बँडबरोबर गावोगाव हिंडण्यात गेलं होतं. वाजवणारे मागे पडद्याआड बर्थवर झोपलेले, ड्रायव्हर बस हाकतोय, आणि अवेळी कुठंतरी डिझेल भरायला गाडी थांबते. त्या वेळी कुणी कॉफी प्यायला म्हणून उतरला तर ड्रायव्हर काही पडदे सारून माणसं मोजत बसत नाही. म्हणून उतरणाऱ्यानं आपली एक वस्तू ड्रायव्हरच्या खुर्चीवर ठेवायची. वस्तू दिसली की ड्रायव्हर समजतो, कुणीतरी खाली आहे. खुर्ची रिकामी झाल्याशिवाय बस हलत नाही.

"आणि ठेवायला विसरलं तर?" बायकोनं विचारलं.

"बस निघून जाते. ती जिथं उभी होती तिथं तेलाचा एक डाग राहतो. त्या डागाकडे बघत तू उभी राहतेस. अशा माणसाला आम्ही ऑइल स्पॉटच म्हणतो."

कुणी बाहेर निघालं की लोक बाय म्हणतात, टेक केअर म्हणतात. आमचे घरमालक म्हणायचे, "डोन्ट बी अ‍ॅन ऑइल स्पॉट."

बसचे बाकीचे नियमही घरात लागू होते. झोपताना पाय गाडीच्या तोंडाकडे हवेत, कारण ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला तर पाय आपटलेले परवडतात, डोकं नाही. त्यामुळे त्यांचा पलंग पायांची बाजू रस्त्याकडे करून ठेवलेला. मी एकदा म्हणालो, हे घर बांधल्यापासून कुठं गेलेलं दिसत नाही. ते म्हणाले, "ब्रेक लागेपर्यंत सगळे असंच म्हणतात." दुसरा नियम हॉलमधल्या छोट्या संडासाचा. बसमधली टाकी लहान असते, म्हणून तिथं फक्त एक नंबर चालतो, दोन नंबर नाही. घरातल्या संडासाला व्यवस्थित म्युनिसिपालिटीचं ड्रेनेज होतं, पण नियम म्हणजे नियम. तिथं पाटीसुद्धा होती. तिसरा नियम वेळेचा. कुठंही जायचं असलं की खरी वेळ सांगायची नाही, आधीची सांगायची. ते ज्या वेळी निघू म्हणत त्या वेळी खरंच कुणी निघालं तर त्यांची तारांबळ उडायची.

ते वाजवायचे पेडल स्टील गिटार. नाव गिटार असलं तरी वस्तू टेबलासारखी. चार पायांवर उभी, वर आडव्या तारा, खाली पेडल. वाजवणारा खुर्चीत बसतो. पायांनी पेडल दाबतो, गुडघ्यांनी दांडे ढकलतो, उजव्या हाताच्या नख्यांनी तारा छेडतो, आणि डाव्या हातात एक जड, गोल, गुळगुळीत लोखंडी बार धरून तो तारांवरून सरकवत नेतो. कंट्रीच्या गाण्यात पाठीमागून जो रडवेला, ओढत जाणारा आवाज येतो तो ह्या वाद्याचा. गाणारी उभी असते, टाळ्या तिला पडतात. हा कोपऱ्यात बसलेला असतो. बँडमधून बाहेर पडल्यावर घरमालकांनी आयुष्यभर स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवलं. आम्ही दुकानात गेलो आणि वर स्पीकरवर त्यातलं एखादं गाणं लागलं, की ते ट्रॉलीसकट थबकायचे. गाणं संपेपर्यंत हलायचे नाहीत. "हा मी," एवढं म्हणून पुढे. तोवर आमचं आइस्क्रीम वितळून गेलेलं असे.

नागपूरहून माझी आई सहा महिन्यांसाठी आली आणि घराचा रंगच बदलला. आईनं पहिल्याच दिवशी त्यांना नाव दिलं, बुवा. "वाजवतात नं ते? मग बुवाच." ते तिला मिस आई म्हणायला लागले, कारण तिकडं दक्षिणेत मोठ्या बाईला आदरानं नावापुढे मिस लावतात आणि तिचं नाव आई आहे अशी त्यांची समजूत झाली होती. ती आम्ही कधी दुरुस्त केली नाही. आई मराठीत बोलायची, ते इंग्रजीत बोलायचे, आणि दोघांचं मजेत चाललेलं असे. फक्त संडासाच्या पाटीचा अर्थ मी सांगितला तेव्हा आई पदर तोंडाला लावून इतकी हसली, की बुवांना वाटलं ती रडतेय.

आई नागपुरात भजनी मंडळात गायची. सकाळी स्वयंपाक करता करता ती वर भजन म्हणू लागली की खाली बुवांचं वाद्य हळूच सुरू व्हायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आईनं पोळी तव्यावर तशीच ठेवली. "अरे, हा माणूस मींड काढून राहिला," ती म्हणाली. मग ते रोजचंच झालं. एक गोष्ट मला लक्षात यायला वेळ लागला. आई गात असताना बुवा कधीही वाजवत नसत. तिची ओळ संपली, तिनं श्वास घेतला, की तेवढ्या फटीत त्यांचा सूर यायचा आणि पुढची ओळ सुरू व्हायच्या आत निघून जायचा. एकदा मी त्यांना म्हटलं, तुम्ही किती जपून वाजवता. त्यांचा चेहरा उतरला.

"हे मी उशिरा शिकलो, सन," ते म्हणाले. ते मला सन म्हणायचे, आपल्या 'बेटा'सारखं. "त्याची किंमत मोजून शिकलो."

त्या रविवारी व्हरांड्यात बसून त्यांनी सगळं सांगितलं. उमेदीच्या काळात ते टेक्सासच्या एका गायिकेच्या बँडमध्ये होते. जत्रा, डान्स हॉल, छोटी छोटी गावं, सगळे एका बसमध्ये. ओक्लाहोमात एका कार्यक्रमानंतर तिचं आणि यांचं वाजलं. ती म्हणाली, तू माझ्या ओळीवर वाजवतोस. हे म्हणाले, तुझी ओळ संपतच नाही. ती म्हणाली, एक दिवस तुला रस्त्यातच उतरवून जाईन. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी पहाटे बस डिझेलला थांबली. त्यांच्या आईचा वाढदिवस होता, म्हणून ते नुसत्या मोज्यांवर फोन करायला उतरले. उतरताना नियमाप्रमाणे ड्रायव्हरच्या खुर्चीवर आपला लोखंडी बार ठेवला. कुणाचा आहे हे कुणाला विचारावंच लागणार नाही म्हणून बार. फोन करून वळले तर बस नाही. खाली तेलाचा डाग.

"मग?"

"उलट्या दिशेला कांद्याचा एक ट्रक चालला होता. त्यात बसलो."

काही दिवसांनी त्यांचं वाद्य पार्सलनं त्यांच्या आईच्या घरी आलं. सोबत एक शब्द नाही. बारही नाही. त्यानंतर ते त्या बँडमधल्या कुणाशी आजवर बोलले नव्हते.

"पण एकदा विचारायचं तरी," मी म्हटलं.

"काय विचारू? मी बार ठेवला होता. तो कुणीतरी उचलला. आपोआप उडून जातो का?"

खरं दुखणं तिथं होतं. ते लोक नुसते विसरून गेले असते तर त्यांनी केव्हाच माफ केलं असतं. पण वस्तू ठेवलेली असताना बस गेली, म्हणजे कुणीतरी ती जाणूनबुजून काढली. आपल्याला विसरले नाहीत, टाकून दिलं. हे त्यांना पन्नास वर्षं पोखरत होतं. दर रविवारी संशयित बदलायचा. एका रविवारी ढोलवाला, पुढच्या रविवारी बेसवाला. बहुतेक रविवारी ती गायिकाच. मी वर येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "काय मेलं माणसाचं मन असतं बाई," आणि खाली त्यांच्यासाठी शिरा पाठवला.

ऑक्टोबरात बुवांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. सकाळी क्लिनिकची व्हॅन न्यायला येणार आणि दुपारी सोडून जाणार. डॉक्टरांनी बजावलं होतं की डोळ्यावर ऊन पडता कामा नये. त्यामुळे आम्ही राहायला आल्यापासून पहिल्यांदाच बुवा टोपी घालून घराबाहेर निघाले. दारात अडखळले. टोपी डोक्यावर, मग खुर्चीवर काय ठेवायचं? मी ऑफिसला निघालो होतो, बुटाची नाडी बांधत होतो. त्यांनी खिसे चाचपले आणि आपला बार काढून खुर्चीवर ठेवला.

"सन, संध्याकाळी खुर्ची बघशील. व्हॅनचा काही नेम नाही."

"बघतो."

"माझा विश्वास त्या लोकांच्या फोनवर नाही. खुर्चीवर आहे."

स्वतःचा मोबाइल ते खालच्या खोलीत ड्रॉवरमध्ये ठेवत. तो हरवू नये म्हणून.

अमेरिकेत आपले सण तिथी बघून येत नाहीत, शुक्रवार बघून येतात. पण त्या वर्षी खंडेनवमी खरोखरच शुक्रवारी, ऑपरेशनच्याच दिवशी, आली होती आणि आमच्या मराठी मंडळाला आपणच ती आणल्यासारखा आनंद झाला होता. एका शाळेचा हॉल घेतला होता, आणि उद्याचं सोनं आजच वाटून टाकायचं ठरलं होतं. संध्याकाळी मी घरी आलो. दारातच आई उभी, तोंडावर बोट ठेवून.

"हळू बोल. बुवा झोपलेत. मी आज मिक्सरसुद्धा लावला नाही."

मी माझं घड्याळ उचललं आणि खुर्चीकडे पाहिलं. रिकामी. खाली त्यांच्या खोलीच्या दाराबाहेर आईनं झाकून ठेवलेला वरणभात होता. माझा जीव भांड्यात पडला. आम्ही पायांचा आवाज न करता कपडे बदलले, दार हलकेच ओढलं आणि तिघंही मंडळात गेलो.

हॉलमध्ये गर्दी होती. आपट्याच्या जागी तिकडच्या रेडबड नावाच्या झाडाची पानं होती आणि ती सगळे एकमेकांना सोनं म्हणून देत होते. जेवणाच्या टेबलाशी बायकांत गप्पा रंगल्या होत्या, कुणी पूजेत काय काय मांडलं. एकीनं लेकाचा ड्रिल ठेवला होता, एकीनं व्हॅक्यूम क्लीनरला हळदकुंकू वाहिलं होतं.

"आमच्याकडे लॅपटॉप," आई बोटांवर मोजत म्हणाली, "सुरी, गाडीची किल्ली, सुनेची कात्री, आणि बुवांचा बत्ता."

माझ्या तोंडात बटाटेवडा होता. तो तसाच राहिला.

"आई, कुठला बत्ता?"

"तो नाही का त्यांचा, वाजवायचा. दुपारी पाहिलं तर खाली चपलांत पडून होता. वाद्याला पाय लागलेला बरा दिसतो का? म्हटलं आज नवमी, धुऊन पुसून पूजेत ठेवावा."

"तू तो खुर्चीवरून उचललास?"

"खाली म्हणते नं मी! खुर्चीवर तुमचं घड्याळ नि क्लिप, बाकी काही नव्हतं. टोपीपण नव्हती, म्हणजे बुवा आले नं घरी."

"तू त्यांना आलेलं पाहिलंस?"

 आईच्या हातातली सोन्याची पानं टेबलावर पडली. "अगं बाई," एवढंच म्हणाली.

मी किल्ली काढली. "मी ड्राइव्ह करतो."

बायकोनं ती माझ्या हातून घेतली. "मी करते. तू क्लिनिकला फोन लाव."

फोन वाजत राहिला. कार्यालयाची वेळ संपली आहे असं रेकॉर्डिंग लागलं. मागच्या सीटवर आई पुटपुटत होती, "पुन्हा तेच झालं रे त्यांचं. माझ्या हातून झालं."  पन्नास वर्षांपूर्वी मोज्यांवर उभा राहिलेला तो माणूस मला दिसत होता, आणि मी त्याला सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता बघतो म्हणालो होतो.

क्लिनिकचे आतले दिवे मालवले होते. बाहेरच्या बाकावर बुवा ताठ बसले होते. डोक्यावर टोपी, डाव्या डोळ्यावर पांढरी वाटी. शेजारी रिसेप्शनवरची बाई खांद्याला पर्स लावून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आम्हाला बघून जो सुटकेचा भाव आला तो मी विसरणार नाही.

"तुम्हीच का ते खुर्चीवाले?" तिनं विचारलं. "ऑपरेशन लांबलं, व्हॅन निघून गेली. मी म्हटलं कुणाला फोन करू? तर हे म्हणतात, करू नकोस, घरी खुर्ची आहे, ते खुर्ची बघतील आणि येतील. मला वाटलं भूल उतरली नाही. इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून यांनी स्वतःचाच नंबर दिलाय."

बुवा उठले. मी सॉरी, सॉरी करत पुढे झालो. त्यांनी एकच विचारलं, "खुर्ची?"

"रिकामी होती."

त्यांचा चेहरा असा झाला की बघवेना. तोच चेहरा पहाटे ओक्लाहोमात झाला असणार. "कुणी उचलला?" ते म्हणाले. आवाज अगदी बारीक.

आईला इंग्रजी येत नव्हतं, पण प्रश्न कळला. ती पुढे आली. "मी उचलला, बुवा. चुकले मी. पण तो खुर्चीवर नव्हता हो. खाली पडला होता."

मी भाषांतर केलं.

"विचार तिला, खाली कुणी टाकला?"

"कुणी टाकेल?" आई म्हणाली. "घरात मी एकटी. दुपारी घरामागच्या रुळांवरून ती रोजची मालगाडी गेली, भांडी सगळी वाजली, तेव्हा पडला असेल. गोल वस्तू, ती खुर्ची अशी उतरती, घरंगळणार नाही तर काय! बत्ता कुणी खुर्चीवर ठेवतं का?"

मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. बत्त्याचं सोडून.

बुवा परत बाकावर बसले. रिसेप्शनवाल्या बाईनं घड्याळ पाहिलं.

"घरंगळला," ते म्हणाले.

"हो."

"आपोआप."

"हो. गाडीच्या हादऱ्यानं."

ते बराच वेळ समोरच्या पार्किंगकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इंजिन चालू होतं."

कुठलं इंजिन, हे मला क्षणभर कळलं नाही. आमची गाडी तर बंद होती. मग कळलं, आणि मीही त्यांच्या शेजारी बसलो. बस डिझेलला थांबलेली, इंजिन धडधडतंय, ड्रायव्हरची रेक्झिनची उतरती खुर्ची, आणि तिच्यावर एक गोल, गुळगुळीत लोखंडी बार. पन्नास वर्षं या माणसानं ढोलवाल्यावर संशय घेतला, बेसवाल्यावर घेतला, पण बारवर घेतला नाही. राग आला की माणसाला गोल वस्तू घरंगळते हेसुद्धा आठवत नाही.

बुवा हसायला लागले. आधी हळू, मग खांदे हलवत. उघड्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. "डोळा ओला करू नका," बाई ओरडली, आणि ते आणखीच हसले.

परत येताना आई मागे त्यांच्या शेजारी बसली होती. मधेच म्हणाली, "विचार त्यांना, ते लोक मग घ्यायला परत आले असतील नं? माणूस नाही हे कळल्यावर कोण पुढे जातं? आपण नाही का आलो?"

मी विचारलं.  पुढे बसलेल्या मला आरशात फक्त टोपी दिसत होती.

"मी थांबलोच नाही," शेवटी ते म्हणाले. "कांद्याचा ट्रक समोर होता. लगेच चढलो. आज ट्रक नव्हता म्हणून थांबलो."

त्यानंतर दोन आठवडे आईनं त्यांचा पिच्छा सोडला नाही. ते दिसले की ती हाताचा फोन करून कानाला लावायची आणि विचारायची, "बुवा, फोन?" ते म्हणायचे, "टुमॉरो, मिस आई." शेवटी एका रविवारी ते वर आले, टेबलाशी बसले आणि म्हणाले की फोन करतो, पण मिस आईनं शेजारी बसलं पाहिजे. गायिका अजून टेक्सासमध्येच होती. नंबर त्यांच्याकडे होता. किती वर्षं होता ते मी विचारलं नाही. कानाला कमी ऐकू येतं म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"कोण?" एक म्हातारा, खरखरीत आवाज आला.

"मी तुझा ऑइल स्पॉट."

  उत्तर आलं, "कांद्याच्या ट्रकमधून गेलास म्हणे."

बुवांनी टेबलाची कड घट्ट धरली. "तुला कसं माहीत?"

"पंपवाल्यानं सांगितलं. दुसरं कोण सांगणार? ड्रायव्हरच्या ब्रेकखाली काहीतरी आलं, वाकून बघतो तर तुझा बार. त्यानं जी काय शिवी हासडली, सगळी बस उठली. तिथूनच उलटे फिरलो. येऊन बघतो तर तू नाहीस. दुपारपर्यंत त्या पंपावर बसून होतो. त्या दिवसाचा शो कॅन्सल केला मी."

"तू म्हणाली होतीस, रस्त्यात उतरवून जाईन."

"मूर्ख माणसा, ते मी तुला आठवड्यातून तीनदा म्हणायचे! मला वाटलं, ह्या वेळी तू मनावर घेतलंस. मला वाटलं, तू आम्हाला सोडून गेलास." आवाज थांबला. "गिटार पाठवली. बार मुद्दाम ठेवून घेतला. म्हटलं तो मागायला तरी फोन करशील."

"अजून आहे?"

"स्वयंपाकघरातली खिडकी वर धरायला लावते. ये आणि घेऊन जा. खिडकीचं मी बघते काय ते."

बुवांनी फोन ठेवला. आईला त्यातलं काही कळलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, सांग की, काय म्हणाली. मी सांगणार तेवढ्यात बुवाच तिच्याकडे वळले आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "दे केम बॅक, मिस आई."

एवढं इंग्रजी आईला कळलं. "मी म्हटलं नव्हतं?" ती म्हणाली, आणि डोळे पुसत चहा टाकायला उठली. मला इतकं हलकं वाटलं की मी उगाचच बायकोचा हात धरला. आपलं काही नसताना एखाद्याचं ओझं उतरलेलं बघणं, यासारखं सुख नाही.

थँक्सगिव्हिंगला बुवा टेक्सासला जाऊन आले. जाताना टोपी खुर्चीवर, डोकं बोडकं. आठवडाभर आई त्या खुर्चीला कुणाला हात लावू देईना, झाडतानासुद्धा तिथून वळसा घालून जायची. ते परत आले ते दोन बार घेऊन. जुना आम्हाला दाखवला. त्यावर खिडकीचा पांढरा रंग लागला होता. तो त्यांनी काढला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आईची परत जायची वेळ आली. सामान गाडीत गेलं, आई बुवांच्या पाया पडायला वाकली तर तेच घाबरून मागे सरले. मग ती खुर्चीपाशी आली, पर्समधून आपल्या चष्म्याचं जुनं घर काढलं आणि खुर्चीवर ठेवलं. चपटं, चौकोनी, प्लास्टिकचं. ठेवून झाल्यावर बोटानं ढकलून बघितलं.

"हे घरंगळत नाही," ती म्हणाली. बुवांनी गंभीरपणे मान हलवली. 

पुढच्या वर्षी मला दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला, नोकरी मिळाली आणि आम्ही नॅशव्हिल सोडलं. निघताना मी माझं बंद घड्याळ उचललं, बायकोनं क्लिप उचलली. चष्म्याचं घर तिथंच राहिलं. आता वर दुसरे भाडेकरू आहेत, एक तरुण जोडपं. त्यांनी विचारलं म्हणे, ही खुर्ची दारात कशाला, व्हरांड्यात ठेवू या का? बुवांनी त्यांना सांगितलं, एक बाई खाली उतरली आहे, ती आली की बघू.

दर रविवारी त्यांचा फोन येतो. मालगाडी गेली, घर हललं, चष्म्याचं घर जागच्या जागी आहे, असा वृत्तान्त असतो. आईचे गुडघे आता फार दुखतात, वीस-बावीस तासांचा प्रवास नको म्हणते, हे मी त्यांना हळूहळू सांगून ठेवलं होतं. गेल्या रविवारी त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घाई नाही. मिस आईला एवढंच सांग, बस उभी आहे."

मी लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला आणि निरोप सांगितला.  तिनं चष्मा काढून पदराला पुसला आणि म्हणाली, "इंजिन बंद ठेवा म्हणावं तोवर, डिझेल जळतं. आणि माझं तिकीट पाहा. आधी बुवांकडचं, तुमच्याकडे मग येईन."